दोन पदरी पिशवी

राजमतीच्या हातातला झाडू बेळगावच्या डॉक्टरांनी काढून घेतला, त्याला दोन वर्षं होत आली होती. तिच्या छातीचा फोटो उजेडाकडं धरून त्यांनी विचारलं होतं, "तंबाखूत किती वर्षं काढलीत?"

"लग्न झाल्यापासनं," ती म्हणाली.

निपाणीत एवढं उत्तर पुरतं. सासरची वखार होती तोवर तिनं तिथं चाळण धरली, वखार विकल्यावर लोकांचा माल घरी आणून निवडला, आणि त्या चाळीस वर्षांची पूड तिच्या छातीत जाऊन बसली. फुफ्फुसं आता पहिल्यासारखी व्हायची नाहीत, आहेत तेवढी सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, झाडू तर हातात धरायचाच नाही.

"मग घर कोण झाडणार?" राजमतीनं विचारलं.

जन्माचं दुखणं ऐकून बाईला पहिला प्रश्न पडला तो हा. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला, भुजबलीला, त्या वेळी हसू आलं होतं. "मी हाय की," तो म्हणाला होता.

खरं सांगायचं तर भुजबलीला झाडता येत नव्हतं. पन्नास वर्षं त्यानं मोटरी बांधल्या. वखारींचे पंखे, पिठाच्या गिरण्या, शेतातले पंप, निपाणीत जे जळेल ते त्याच्या दुकानात यायचं आणि चालू होऊन परत जायचं. तारेचे वेढे मोजताना त्याला कुणी हाक मारायची नाही, मारलीच तर तो ओ द्यायचा नाही, कारण एक वेढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. असला काटेकोर माणूस, पण हातात झाडू आला की मधला मधला केर काढून मोकळा व्हायचा. राजमती कॉटवर बसून हुकूम सोडायची, "अवो, कपाटाखाली. अवो, उंबऱ्यापाशी मुंग्या हायत, त्यांना आधी बाजूला काढा." मुंग्या बाजूला काढण्यात तो पटाईत झाला. कोपरे मात्र तसेच राहायचे, आणि राजमतीचा जीव सगळा त्या कोपऱ्यांत. कामाला बाई ठेवून बघितली, तर ती झाडायला लागली की असा धुरळा उठायचा की राजमती परसात जाऊन खोकत बसायची.

त्यात घराची मागची भिंत वखारीला लागून. एकेकाळची त्यांचीच वखार, आता दुसऱ्याची. माघ-फाल्गुनात तिथं माल कुटायला लागले की पूड कुठून कुठून घरात यायची. ताट धुऊन पालथं घातलं तरी तासाभरात त्यावर बोट फिरवून नाव काढावं.

संक्रांतीला दिव्या आली. ही त्यांची एकुलती एक लेक. बेळगावला पिरनवाडीत चौथ्या मजल्यावर राहायची, शाळेच्या ऑफिसात नोकरी करायची. बरोबर तिची पाच वर्षांची तेजस्वी. दिव्यानं आईकडं बघितलं, मग कपाटाच्या वर हात फिरवला आणि तो हात बापापुढं धरला.

"आप्पा, हे काय हाय?"

"वखारीचं हाय. मी काय करू?"

"तुम्ही काय करू नका. मी आईला घेऊन जाते. तिथं तंबाखू न्हाय, धूळ न्हाय. तुम्ही पण चला."

जावयाच्या घरी दोन दिवसांवर न राहणारा माणूस तो. त्यानं मान फिरवली. राजमती म्हणाली, "मी न्हाय येणार गं. इथं दर्शनाला बस्ती दोन गल्ल्यांवर हाय, विहीर दारात हाय. आणि ह्यांना सोडून कुठं जाऊ? ह्यांना दूध उतू जाताना सुदिक दिसत न्हाय."

तिघांची बरीच वादावादी झाली. शेवटी दिव्यानं तोडून टाकलं. "होळीपर्यंत बघते मी. होळीला येणार. घरात धूळ दिसली तर आईची बॅग भरणार, कुणाला विचारणार न्हाय." मग जरा नरमून तिनं मोबाईलवर एक केर ओढायचं मशीन दाखवलं. हे मागवू का, म्हणाली.

भुजबलीनं चष्मा वर करून बघितलं. "ह्याला वाकून ओढायला लागतंय. आई वाकंल व्हय? आणि ह्याच्यातली मोटर बघितलीस का, अंगठ्याएवढी असंल." मशीन वाईट नव्हतं. पण दुकान बंद होऊन तीन वर्षं झालेल्या कारागिराला लेकीनं प्लॅस्टिकचं मशीन दाखवावं, हे त्याच्या पचनी पडलं नाही. त्या घमेंडीची आठवण त्याला पुढं फार दिवस पुरणार होती.

त्याला आठवत होतं ते वेगळंच मशीन. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात त्यानं ते दुरुस्त केलं होतं. उभं मशीन. माणसानं ताठ उभं राहायचं, दांडा धरायचा आणि चालत राहायचं. राजमतीला तसलं पाहिजे, म्हणजे तिला वाकायला नको आणि तिचं घर तिला तिच्या हातानं झाडता येईल. दिव्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं बेळगावची एसटी धरली आणि तिथल्या शहापुरात यल्लाप्पाच्या दारात जाऊन उभा राहिला. यल्लाप्पाचं भंगाराचं दुकान हातमागांच्या गल्लीत होतं आणि कॅम्पातलं कुठलंही जुनं घर रिकामं झालं की तिथला माल त्याच्याकडं यायचा. दोघं कानडीत बोलायचे. यल्लाप्पानं आधी त्याला वेड्यात काढलं, मग चार दिवसांनी फोन करून बोलावलं आणि लोखंडी कॉटांच्या मागून ते ओढून काढलं. परतीच्या गाडीत भुजबलीनं ते मांडीशी उभं धरलं होतं. कंडक्टर म्हणाला, ह्याचंही तिकीट काढायला लागेल. भुजबली म्हणाला, काढ की.

मशीन अगदी साधं होतं. खाली ॲल्युमिनियमचं जड तोंड, त्यात आडवा फिरता ब्रश, वर मोटर, मागं लाकडी मुठीचा उभा दांडा आणि दांड्याला टांगलेली कापडी पिशवी. मोटर फिरली की तिचा पंखा केर आत ओढतो आणि पिशवीत फेकतो. हवा पिशवीच्या कापडातून बाहेर जाते, केर आत राहतो. यातलं एकही अंग शाबूत नव्हतं. वाइंडिंग जळून काळं ठिक्कर पडलेलं, बेअरिंग गंजून घट्ट बसलेली, ब्रश फिरवणारा रबरी पट्टा हात लावताच तुकडे होऊन पडला. पिशवी उंदरांनी खाल्ली होती.

भुजबलीनं सोप्यात पोतं अंथरलं आणि बैठक मारली. बेअरिंग दोन दिवस रॉकेलमध्ये भिजत घातली. जुनी तार सोडवताना वेढे मोजून भिंतीवर पेन्सिलीनं लिहिले, नवी तांब्याची तार भरली, वार्निश लावून उन्हात वाळवली. मिक्सरच्या मोटरीतले कार्बनचे तुकडे कानशीनं घासून बसवले. शिलाई मशीनच्या मोटरचा पट्टा लावून बघितला, तो घट्ट झाला. दुसरा ढिला झाला. तिसरा नेमका बसला, तेव्हा त्यानं राजमतीला हाक मारून दाखवला, आणि तिला त्यातलं काही कळत नसताना तिनं तो बोटानं ओढून बघितला आणि "झ्याक," म्हणाली.

ब्रशाशी गाडी अडली. त्याचे राठ केस तिनं हातात घेऊन निरखले.

"कशाचे हायत वो हे?"

भुजबली खोटं बोलू शकला असता. "डुकराचे असतील. पूर्वी तसलेच लावायचे."

"माझ्या घरात फिरवायचा न्हाय मग," ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. त्यानं सगळे झुपके उपटून काढले आणि कपडे घासायच्या ब्रशांचे नायलॉनचे तंतू एकेका भोकात बसवले. चार दिवस गेले. चार दिवसांत एकदाही कुरकुर केली नाही. उलट दुपारी दुसऱ्यांदा चहा मागायला लागला, न बोलावता जेवायला आला, आणि एकदा तर राजमतीनं त्याला गुणगुणताना पकडलं. दुकानाला कुलूप लावल्यापासून हा माणूस कट्ट्यावर बसून एकच पेपर तीनदा वाचायचा. तिनं ते तीन वर्षं बघितलं होतं. आता तिला सोप्यातून हातोडीचा आवाज यायचा आणि ती खोकला दाबून ऐकत बसायची.

राहिली पिशवी. असल्या मशीनला जाड, घट्ट विणीची पिशवी लागते आणि आत कागदाची आणखी एक. ती आता कुठं मिळणार? भुजबलीनं मांजरपाट आणून बघितला, तो त्याला विरळ वाटला. राजमती उठली आणि ट्रंकेतून पाणी गाळायचं कापड काढून घेऊन आली. नवं, न वापरलेलं, जैन बस्तीपुढच्या दुकानातून आणलेलं.

या घरात पाणी कधी न गाळता प्यालेलं नव्हतं. राजमतीची सासू गेली, वखार गेली, नळ आला, पण गाळणं सुटलं नाही. कापड दोन पदरी घ्यायचं, पाणी सावकाश ओतायचं, आणि कापडावर जे राहील ते पुन्हा विहिरीत सोडायचं, कारण त्यात जीव असतात. डोळ्याला न दिसणारा जीवही त्यातून जात नाही, हे तिला आठ वर्षांची असताना आईनं सांगितलं होतं.

"ह्याची शिवू," ती म्हणाली. "दोन पदरी. ज्यातनं जीव जात न्हाय त्यातनं धूळ जाईल व्हय?"

"कशी जाईल?" भुजबली म्हणाला.

दोघांपैकी एकालाही शंका आली नाही. आयुष्यभर ज्या कापडावर जिभेचा, पोटाचा आणि परलोकाचाही विश्वास टाकला, त्यावर शंका कशी येणार? पाण्यासाठी ते कापड चांगलंच होतं. पण पाणी त्यातून आपल्या वजनानं उतरतं, इथं मोटर मागून वारा ढकलणार होती आणि तंबाखूची पूड पिठाहून बारीक होती, एवढा हिशेब मोटरीत जन्म काढलेल्या माणसानं करायला हवा होता. त्यानं केला नाही. तिनं कॉटवर बसून, मध्ये मध्ये दम खात, हातशिलाईनं पिशवी शिवली. बारीक, एकसारखे टाके. तोंडाला नाडी घातली.

मशीन चालू झालं तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा. भुजबलीनं मूठभर तंबाखूचा चुरा फरशीवर मुद्दाम पसरला आणि खटका दाबला. मोटर एका दमात उठली. राजमतीनं दांडा धरला, दोन पावलं पुढं गेली, दोन मागं आली, आणि फरशी स्वच्छ. ती तशीच कपाटापर्यंत गेली, कोपऱ्यात तोंड घातलं, उंबऱ्यापाशी थांबून आधी मुंग्या बघितल्या, मग पुढं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या घरात उभ्यानं काम करत होती. पदर खोचलेला, तोंड लाल झालेलं. खोकली, आणि हसली. भुजबली खाली बघत होता. झाडताना माणूस जमिनीकडंच बघतो. पिशवीच्या बाजूला हवेत काय चाललंय हे बघायचं त्याला सुचलं नाही, आणि वासानं कळायचं म्हटलं तर तंबाखूच्या गावात सत्तर वर्षं काढलेलं त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

रोज सकाळी बस्तीतून आल्यावर ती मशीन फिरवायची. आठवड्याभरात तिची धाप वाढली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढायच्या तर मध्ये थांबायला लागली. भुजबलीनं वखारीला शिव्या घातल्या. माल कुटायचे दिवस होते, खापर फोडायला भिंत शेजारीच होती. "दोनदा फिरव," तो म्हणाला. "सकाळी एकदा, संध्याकाळी जेवणाआधी एकदा." ती दोनदा फिरवायला लागली. धाप आणखी वाढली. मग त्यानं खिडक्या बंद केल्या. फटींत चिंध्या कोंबल्या, झरोक्यावर पुठ्ठा ठोकला, वखारीकडची बाजू तर पार चिकटपट्टीनं लिंपून टाकली. आता पूड आत यायला वाटच राहिली नव्हती, आणि आत होती तिला बाहेर जायला.

"तू बस, मी फिरवतो," असं तो दोन-तीनदा म्हणाला. तिनं दांडा सोडला नाही. "तुमचे कोपरे ऱ्हातात," म्हणाली.

होळीला दिव्या आली. ट्यूबलाइटच्या उजेडात फरशी चकचकत होती. कपाटावर तिनं हात फिरवला, तिथं भुजबलीनं सकाळीच ओलं फडकं मारलेलं. आई मात्र वाळली होती, बोलताना वाक्याच्या मध्ये थांबत होती. राजमती म्हणाली, "सीझन हाय गं. पाडव्यापर्यंत उतरंल." दिव्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बापाकडं बघितलं आणि गप्प झाली. बॅग भरली नाही. भुजबलीला वाटलं, आपण जिंकलो. त्या दिवशी त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मशीन सोप्याच्या मध्यावर चालू राहिलं आणि राजमती दांड्याला धरूनच खाली बसली. ओठ निळे पडले होते. रिक्षा, मग गाडी, मग बेळगाव. डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावला आणि विचारलं, घरात धूळ वाढली होती का? भुजबली अभिमानानं सांगायला लागला, न्हाय साहेब, आता तर रोज दोनदा. राजमतीनं मास्कच्या आतून त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली, म्हणजे व्हय, असंच हाय. तीन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, णमोकार मंत्र ऐकता ऐकता ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं मुळातच संपलेली होती, कधी ना कधी होणारच होतं. डॉक्टर चांगला माणूस होता.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. सुतकाचे दिवस भुजबलीनं कॉटच्या कडेला बसून काढले. लोक यायचे, सोन्यासारखं मरण आलं म्हणायचे, आपलं घर सोडावं लागलं न्हाय म्हणायचे. तो मान डोलवायचा. हे एक समाधान त्याच्यापाशी खरंच होतं. दीड महिना का होईना, ती आपल्या घरात, आपल्या हातानं आपलं घर झाडत राहिली, परक्या दारात जाऊन पडली नाही. त्यानं तिला तेवढं दिलं होतं. दुसरं काही नसेना.

सुतक फिटलं त्या सकाळी घर धुऊन-पुसून काढायचं होतं. दिव्यानं पदर खोचला आणि आधी खिडक्यांच्या चिंध्या ओढून काढल्या. "किती कोंडून घेतलंय घर," असं पुटपुटत तिनं झरोक्यावरचा पुठ्ठाही उचकटला. सकाळचं ऊन तिरपं होऊन सोप्यात कॉटपर्यंत आलं. मग ती म्हणाली, "आप्पा, आईचं मशीन फिरवा की एकदा. तिच्या नावानं."

भुजबली उठला. बारा दिवसांत पहिल्यांदा कशासाठी तरी उठला. दांडा धरला, खटका दाबला. मोटर एका दमात उठली. दोन पावलं पुढं गेला आणि मशीन उन्हाच्या पट्ट्यात शिरलं.

पिशवी फुगली होती आणि तिच्या सगळ्या अंगातून तांबूस धूर निघत होता. आधी त्याला वाटलं, मोटर जळाली. त्यानं वाकून मोटरीवर हात ठेवला, ती गार होती. धूर कापडातून येत होता. उन्हात तो अगदी स्वच्छ दिसत होता, वर चढत होता, उभ्या माणसाच्या छातीपर्यंत, नाकापर्यंत. दांडा धरणाऱ्याच्या बरोबर तोंडासमोर. दारात खेळणाऱ्या तेजस्वीला ओळीनं चार-पाच शिंका आल्या.

त्यानं खटका बंद केला. पिशवीला हात लावला, हाताला पूड लागली. दोन पदर बोटांनी चाचपले, उजेडाकडं धरले. टाके सुंदर होते. फरशीवर पडली असती तर तिथंच पडून राहिली असती ती पूड त्यानं मोटर लावून उचलली होती, चाळली होती, सगळ्यांत बारीक तेवढी निवडून रोज दोन वेळा बायकोच्या तोंडावर उडवली होती. खिडक्या लावून. सारं एका क्षणात कळलं. तो फरशीवरच बसला.

दिव्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "झालं एवढ्यात? आप्पा, मी काय म्हणते, मशीन मी घेऊन जाऊ? तुम्हाला आता कशाला लागतंय? तेजूला पण थंडीत छातीत घरघर होते, डॉक्टर म्हणाले घरात धूळ नको. आईच्या हातची पिशवी हाय. आठवण म्हणून..."

त्याला गप्प बसता आलं असतं. मोटर बिघडली म्हणता आलं असतं, आणि लेकीच्या डोळ्यांत आईला घरात ठेवून घेणारा बाप जन्मभर तसाच राहिला असता. घटकाभर त्याच्या मनात ते आलंही. मग त्यानं तेजस्वीकडं बघितलं. ती अजून नाक चोळत होती.

"न्यायचं न्हाय हे," तो म्हणाला. त्यानं पुन्हा सांगितलं. "न्यायचं न्हाय. पिशवीतनं पूड बाहेर येतीया. सगळी. आत्ता उन्हात बघितलं मी. तुझ्या आईला वखारीनं मारलं न्हाय, दिव्या. मी मारलं. दोनदा फिरव म्हणून मीच सांगितलं तिला, खिडक्या मीच लावल्या." आणि मग हा म्हातारा, आईबापाच्या मरणातही लोकांसमोर डोळे न पुसलेला, हातावरची पूड तशीच ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

दिव्या ओरडेल, तोंड फिरवेल, पोरीला उचलून निघून जाईल, याची तो वाट बघत होता. ती त्याच्या समोर फरशीवर बसली.

"आई मला बोललेली, आप्पा."

"काय बोललेली?"

"फोनवर. मशीन लावलं की छाती भरून येतीया, बंद केलं की जरा उतरतंय. मला वाटलं ढकलून ढकलून दम लागत असंल. मी म्हटलं, मग आप्पांना फिरवू दे, न्हायतर ठेव बाजूला. तर म्हणाली, ठेवलं तर त्यांना कळंल. लई वर्षांनी हसाय लागलेत, कशाला मोडू? शपथ घातली मला, त्यांना बोलायचं न्हाय म्हणून." दिव्यानं पिशवीची नाडी हातात धरली. "होळीला बोलणार होते मी. तोंडावर आलतं. तुम्ही एवढे खूश होतासा."

भुजबलीला तिचं शेवटचं ऐकूच गेलं नाही. तो एकाच ठिकाणी अडकला होता.

"फोन कधी केलता तिनं?"

त्यानं तिचा हात धरला.

"मशीन चालू झालं की न्हाय," ती खाली बघत म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवशी."